एका अक्षराच्या नावात एक 'बी' जास्त आहे आणि तो आता कायमचा राहणार (बामुम लिपी, युनिकोड वगैरे)

खिळेजुळारी
नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे लिपीवेडे कमी नाहीत म्हणून धागा काढतोय.

आमच्याकडे फॉन्ट टेस्टिंगचं काम चालतं, म्हणजे कुठल्या फोनवर कुठलं अक्षर नीट दिसतं आणि कुठे नुसता चौकोन येतो ते बघत बसायचं. त्यासाठी युनिकोडच्या (म्हणजे संगणकासाठी प्रत्येक लिपीच्या अक्षराला एक नंबर आणि नाव ठरवून देणारं प्रमाण) डेटा फाइली सारख्या उघडाव्या लागतात, त्यात 'नेमअलायसेस' नावाची एक छोटीशी टेक्स्ट फाइल आहे. कोणत्या अक्षराचं अधिकृत नाव चुकलंय आणि बरोबर काय हवं होतं याची ती कबुलीजबाब टाइप यादी आहे. त्यात एक नोंद आहे यू+१६८०बी (हा त्या अक्षराचा युनिकोड नंबर). हे आफ्रिकेतल्या कॅमेरूनमधल्या बामुम लिपीचं अक्षर. अधिकृत नाव 'बामुम लेटर फेज-ए' आणि पुढे इंग्रजी स्पेलिंग असं: एम ए ई एम बी जी बी आय ई ई. हवं होतं एम ए ई एम जी बी आय ई ई. म्हणजे 'जी'च्या आधी एक 'बी' उगाच घुसलाय. 'ग्ब' हा तिकडच्या भाषांमधला एक सलग ध्वनी आहे (इग्बो हे नाव ऐकलं असेल, त्यातलाच), 'ब्ग्ब' असलं काही नसतं. सरळसरळ टायपो.

आता गंमत ही की हा टायपो कधीच दुरुस्त होणार नाही. युनिकोडचा नियमच आहे, २.० आवृत्तीपासून म्हणजे १९९६ पासून: एकदा अक्षराला नाव दिलं की ते बदलायचं नाही, काहीही झालं तरी. फार तर शेजारी 'दुरुस्त उपनाव' म्हणून बरोबर स्पेलिंग लिहून ठेवतात. सातबाऱ्यावर फेरफार झाला की निदान जुनं नाव कंसात जातं, इथे चुकीचं नाव उताऱ्यावर ठळक आणि बरोबर नाव बिचारं रजिस्टरच्या कोपऱ्यात.

आणि हे ज्या लिपीच्या बाबतीत झालं ती लिपी तर तिच्या कर्त्याने स्वतः पुन्हापुन्हा खोडून लिहिलेली आहे. ती कथा खाली प्रतिसादात टाकतो, इथे फार लांबेल. अक्षर इथे पेस्ट करून दाखवणार होतो पण प्रीव्ह्यूमध्ये त्याच्या पुढचा सगळा मजकूरच गायब होतोय, म्हणून नंबरावर भागवा.

मीनल_सांगली
वाचतेय. कथा टाका लवकर.

तिरकस
एका टायपोसाठी धागा :) बरं चालू द्या. पण अक्षराचं नाव कोण बघतं हो? आपण 'क' टाइप करतो तेव्हा त्याचं नाव 'देवनागरी लेटर केए' आहे हे कुणाला माहीत असतं?

खिळेजुळारी
तिरकस, मुद्दा बरोबर, वापरणाऱ्याला सहसा दिसत नाही. पण वर्डमध्ये किंवा विंडोजच्या कॅरेक्टर मॅपमध्ये अक्षर शोधता तेव्हा हेच नाव दिसतं. प्रोग्राममध्ये लोक नावाने अक्षर मागवतात, आणि नावं गोठवली त्याचं कारणही तेच, उद्या नाव बदललं तर चालू असलेला कोड तिकडे आपटणार. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत या अक्षराचं नाव विचारलं तर आजही चुकीचंच येतं. उलट नावावरून अक्षर मागितलं तर (तुमच्या पायथनमधला युनिकोड डेटा पुरेसा नवा असेल तर) दोन्ही स्पेलिंगं चालतात, कारण ३.३ पासून लुकअप उपनावंही बघतो.

आता कथा. फुम्बान हे बामुम राज्याचं राजधानीचं गाव, पश्चिम कॅमेरूनमध्ये. तिथला राजा इब्राहिम न्जोया. १८९६ च्या सुमारास याला स्वप्न पडलं असं सांगतात, की एका पाटीवर हाताचं चित्र काढ, मग ते धुऊन ते पाणी पिऊन टाक. सकाळी उठून त्याने तसं केलं आणि लोकांना फर्मान सोडलं की वस्तूंची चित्रं काढून आणा, प्रत्येक वस्तूला वेगळी खूण. त्यातून निवडून आणि स्वतः घालून पहिली लिपी झाली, खुणा पाचशेच्या आसपास, बहुतेक एक खूण म्हणजे एक शब्द. अरबी लिहिणारे हौसा आणि फुलानी लोक शेजारीच होते, तेव्हा लिहिणं म्हणजे काय हे राजाला माहीत होतं, पण त्याला अरबी उसनी घ्यायची नव्हती, स्वतःची हवी होती.

तर पाचशे खुणा कोण लक्षात ठेवणार! मग याने छाटणी सुरू केली. दोनतीन वर्षांत दुसरी आवृत्ती, काही काढल्या, काही नव्या घातल्या. १९०२ च्या सुमारास तिसरी, मग आणखी दोन, आणि १९१० ला येईपर्यंत ८० अक्षरं उरली, तीसुद्धा आता शब्दांसाठी नाही तर उच्चारासाठी, एक अक्षर एक सिलॅबल. पहिल्या चार अक्षरांवरून तिला 'आ-का-उ-कू' म्हणतात. म्हणजे चित्रांपासून सिलॅबलपर्यंतचा जो प्रवास इतर ठिकाणी शेकडो वर्षांत होतो तो एका माणसाने साधारण चौदा वर्षांत, स्वतःच्या दरबारात बसून केला. मला तर हे वाचून चक्कर आली होती.

मीनल_सांगली
बापरे. आणि मग पुढे काय झालं? वापरात आहे का अजून?

खिळेजुळारी
वापरात होती आणि जोरात. राजाने शाळा काढल्या, राज्याचा नकाशा करून घेतला, औषधांवर लिहवून घेतलं, स्वतःच्या लोकांचा इतिहास आणि रीतीरिवाज यावर मोठा ग्रंथ केला (त्याचं फ्रेंच भाषांतर १९५२ मध्ये आलं). जन्ममृत्यू, जमिनी, कोर्टाचे निवाडे सगळं या लिपीत. तांब्याचे खिळे ओतवून छापायचासुद्धा उद्योग सुरू केला होता. आधी जर्मनांची सत्ता होती, त्यांच्याशी न्जोयाचं बऱ्यापैकी जमलं. पहिल्या महायुद्धात जर्मन गेले आणि फ्रेंच आले तेव्हा सगळं बिनसलं, शाळा बंद पाडल्या, राजाचे अधिकार काढून घेतले, १९३१ मध्ये त्याला याउंडेला नेऊन ठेवलं आणि १९३३ मध्ये तिथेच तो वारला. त्यानंतर लिपी जवळपास थंडावली. पण राजवाड्यात आणि घराघरात कागद राहिले, हजारोंनी. पुढे त्याचा नातू सुलतान इब्राहिम म्बोम्बो न्जोया, ज्यांचं २०२१ मध्ये निधन झालं, त्यांनी राजवाड्यातच लिपीचे वर्ग सुरू केले.

बेळगावकर
चुकीच्या नावाचं म्हणाल तर लांब कशाला जायला पाहिजे, आमच्या शेजारचंच बघा की. कन्नडच्या तक्त्यात 'एफए' म्हणजे 'फा' नावाचं एक अक्षर आहे, यू+०सीडीई. ते फा नाहीच मुळी! तो जुन्या कन्नडमधला ऴ आहे, जो आता वापरात नाही. दुरुस्त उपनाव दिलंय, पण अधिकृत नाव आजही फा. कन्नडवाल्यांनी काय कमी कागद लिहिले असतील.

खिळेजुळारी
बेळगावकर, तेच म्हणतोय! चिनी उभ्या मजकुरासाठी एक कंस आहे, त्याच्या नावात 'ब्रॅकेट' या इंग्रजी शब्दाचंच स्पेलिंग उलटसुलट झालंय, 'सीके'चं 'केसी'. म्हणजे ज्या भाषेत नावं लिहितात त्याच भाषेतली चूक कुणाच्या नजरेला पडली नाही, तर बामुमचा जादा 'बी' कोणाला दिसणार.

मोडीप्रेमी
मस्त धागा. एक सांगा, हे 'फेज-ए' काय प्रकरण आहे? मोडीत आपण बहामनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन म्हणतो, वळणं बदलतात, पण युनिकोडमध्ये मोडी एकच आहे, वळण फॉन्टने सांभाळायचं. इथे वेगवेगळं का केलं?

खिळेजुळारी
मोडीप्रेमी, फरक असा की मोडीत अक्षर तेच राहिलं आणि हात बदलला. इथे राजाने खुणाच बदलल्या, काही पूर्ण काढून टाकल्या. त्यामुळे युनिकोडवाल्यांनी दोन भाग केले. आज शिकवतात ती ८० अक्षरं, दोन जोडचिन्हं आणि विरामचिन्हं मिळून ८८ गोष्टी पहिल्या ब्लॉकमध्ये (ब्लॉक म्हणजे नंबरांचा सलग पट्टा), यू+ए६ए० पासून पुढे, युनिकोड ५.२ मध्ये, ऑक्टोबर २००९. आणि वाटेत टाकून दिलेल्या ५६९ जुन्या खुणा वेगळ्या 'बामुम सप्लिमेंट' ब्लॉकमध्ये, यू+१६८०० पासून, युनिकोड ६.० मध्ये, ऑक्टोबर २०१०. सप्लिमेंटमधल्या प्रत्येक नावात फेज लिहिलाय, आणि तो फेज म्हणजे ती खूण शेवटची कधी वापरली गेली ते. एकच खूण तीन फेजमध्ये आली तरी तीनदा एन्कोड नाही केलीये, एकदाच.

म्हणजे आपलं १६८०बी 'फेज-ए' आहे याचा अर्थ ते पहिल्याच आवृत्तीत होतं आणि दुसऱ्या आवृत्तीत राजाने त्याला नारळ दिला. उणंपुरं दोनतीन वर्षांचं आयुष्य त्या खुणेचं. आणि युनिकोडमध्ये ते आता चुकीच्या नावासकट अमर झालंय. ज्या राजाने बिनदिक्कत शेकडो खुणा उडवल्या त्याला हे सांगितलं असतं की तुझ्या लिपीतलं एक रोमन अक्षर आम्हाला खोडता येत नाही, तर काय म्हणाला असता देव जाणे.

तिरकस
मग माझा प्रश्न अजूनच पक्का झाला. ज्याने बनवल्या त्यानेच कचऱ्यात टाकल्या, त्या ५६९ खुणा शंभर वर्षांनी उकरून प्रत्येकीला नंबर द्यायची गरज काय? फोटो काढून ठेवायचे ना कागदांचे. रिकामटेकड्या अभ्यासकांचे उद्योग आहेत हे.

मोडीप्रेमी
तिरकस, दफ्तरात बसून बघा एकदा म्हणजे कळेल. फोटो काढून ठेवला की त्यात शोधता येत नाही. पुराभिलेखागारात रुमालच्या रुमाल स्कॅन झालेले पडलेत, पण 'अमुक गावचा पाटील' असं टाकून शोध म्हणलं तर शून्य. कारण लिप्यंतर झालेलं नाही. लिप्यंतर देवनागरीत करता येतं हे आपलं नशीब, कारण मोडी आणि बाळबोध एकाच भाषेच्या, अक्षराला अक्षर आहे (ऱ्हस्वदीर्घाचा गोंधळ सोडून द्या). बामुमच्या पहिल्या आवृत्तीचा कागद असेल तर त्यातली खूण जशीच्या तशी टाइप करायची तर नंबर लागणारच. ती खूण राजाने टाकून दिली म्हणून १८९७ च्या कागदावरून पुसली जात नाही ना.

आणि अभ्यासक रिकामटेकडे म्हणू नका हो. मोडीचा प्रस्ताव अंशुमन पांडे यांनी लिहिला, २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये मोडी आली. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे?

तिरकस
ओके शोधाचा मुद्दा मान्य. रिकामटेकडे मागे घेत नाही :)

खिळेजुळारी
बामुमसाठी राबलेल्या लोकांत कॉनरॅड टुकशेरर, चार्ल्स रायली आणि मायकेल एव्हरसन ही नावं आहेत. आधी राजवाड्यातल्या कागदांचं जतन आणि फॉन्टचं काम सुरू झालं, त्यातून एन्कोडिंग. फॉन्ट करतानाच ठरवावं लागतं की हाताने शंभर तऱ्हांनी काढलेल्या अक्षराचं प्रमाण रूप कुठलं, ते डोकेफोडीचं काम आहे, मला विचारा.

आणि नावांचंही सोपं नसतं. युनिकोडच्या नावात फक्त इंग्रजी २६ कॅपिटल अक्षरं, आकडे, स्पेस आणि आडवी रेघ एवढंच चालतं. बामुम भाषेत इंग्रजीत नसलेले स्वर आहेत, घशात अडवलेला आवाज आहे. मग एई, ईयू असल्या जोड्या करून स्वर बसवले, घशातल्या आवाजाला 'क्यू'. त्यामुळे 'एल' आणि पुढे चार वेळा 'ई' अशा नावाचं अक्षरसुद्धा आहे, खरंच, यू+ए६एई, आणि तिथे कुठलाही टायपो नाही! असल्या यादीतली शेकडो नावं तपासताना एक 'बी' निसटला तर मी तरी माफ करीन.

जर्सीतली_अनु
मला त्यांच्या आकड्यांबद्दल सांगायचंय, मी मागे यावर चाळत होते. त्यांच्या ८० अक्षरांतली शेवटची दहा अक्षरं आकडे म्हणूनही वापरतात. 'मो' म्हणजे १, 'म्बा' २, 'तेत' ३ असं करत शेवटचं 'कोघोम'. हे कोघोम आधी दहा होतं, नंतर दशमान पद्धत आली तेव्हा त्यालाच शून्य केलं! म्हणजे ओळीत १ ते ९ आणि मग शेवटी शून्य. आणि युनिकोडमध्ये ही दहा 'अक्षर-संख्या' वर्गात टाकलीत, नुसते आकडे म्हणून नाही, कारण ती सिलॅबलही आहेत.

डेटाबेसवाला
अनुताई, याचा प्रोग्रामवर परिणाम होतो बरं का. पायथनला '१२' देवनागरीत दिलं आणि इंट (पूर्णांक) कर म्हणलं तर तो गुपचूप बारा करतो. बामुम आकडे दिले तर एरर. कारण इंटला खरे दशमान आकडे लागतात, आणि त्या वर्गात बसायला ० ते ९ एका ओळीत, शून्य आधी असं लागतं. इथे शून्य शेवटी. किंमत विचारणारं वेगळं फंक्शन आहे, न्युमेरिक, ते मात्र बरोबर सांगतं.

आता खिळेजुळारींच्या कापल्या गेलेल्या मजकुराबद्दल, कारण ते माझं दुखणं आहे. १६८०बी यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) चार बाइट घेतं: एफ० ९६ ए० ८बी. आपली देवनागरी अक्षरं तीन बाइट, उदाहरणार्थ अ म्हणजे ई० ए४ ८५. बामुमची चालू ८० अक्षरंसुद्धा तीनच बाइट. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जुनं जे 'यूटीएफ८' नावाचं कॅरेक्टर सेट आहे ते तीन बाइटपर्यंतच झेपतं, नाव यूटीएफ८ आणि काम पाऊण. स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा आला की अडवणारं सेटिंग) बंद असेल तर चार बाइटवालं अक्षर दिसलं की तिथून पुढचा सगळा मजकूर कापून टाकतो आणि वर मुकाट्याने 'सेव्ह झालं' म्हणतो. इथे कुणी इमोजी टाकला की प्रतिसाद अर्धा होतो ना, तेच हे. उपाय २०१० पासून आहे, यूटीएफ८एमबी४ नावाने.

मोडीप्रेमी
अच्छा!! म्हणजे मी मोडीचा नमुना टाकला होता तो कापला गेला तो याचमुळे? मी म्हणलं संपादकांनी उडवला, दोन दिवस रुसून बसलो होतो :)

डेटाबेसवाला
हो, मोडी यू+११६०० पासून आहे, चार बाइटच.

मीनल_सांगली
प्रश्न बावळट असेल, पण अक्षराचा अर्थ काय आहे? म्हणजे पहिल्या आवृत्तीत एक खूण एक शब्द होती ना?

खिळेजुळारी
मीनलताई, बावळट कसला, पण युनिकोडच्या तक्त्यात अर्थ देत नाहीत, आकार, नंबर आणि नाव एवढंच, आणि नाव म्हणजे उच्चार. म्हणून तर नावातला टायपो इथे जास्त खटकतो. 'क'चं नाव चुकलं असतं तर कोट्यवधी लोकांना 'क' कसा वाचायचा ते माहीत आहे. दोनतीन वर्षं वापरलेल्या खुणेचा उच्चार सांगायला मात्र बहुतेकांच्या हाताशी ते नावच आहे, आणि ते चुकलेलं. कुणी बिगरबामुम माणूस उद्या एखाद्या कागदाचं रोमन लिप्यंतर प्रोग्रामने करायला बसला आणि त्याने थेट अधिकृत नावं उचलली की प्रत्येक ठिकाणी तो 'बी' येणार. उपनावांची फाइल कोण बघतो? मीही कामासाठी उघडली म्हणून.

बेळगावकर
कन्नडचंही तेच होतंय. मी स्वतः पाहिलंय, जुन्या शिलालेखाच्या रोमनमध्ये मशीनने 'फ' टाकलेला. हळेगन्नडात फ शोधत बसा आता.

तिरकस
हां, हे पटलं. हा मुद्दा वरच्या पोस्टमध्ये टाकायला हवा होता, मी इतका भांडलो नसतो.

जर्सीतली_अनु
लॅपटॉपवर दिसायला काय करायचं? माझ्याकडे चौकोनच.

खिळेजुळारी
नोटो सॅन्स बामुम, गूगलचा आहे, फुकट. दोन्ही ब्लॉक आहेत त्यात, नवी ८८ आणि जुनी ५६९. लॅपटॉपवर टाकला की झालं. टाकल्यावर कोघोमच्या जवळचं जोडचिन्ह बघ, 'कोन्दोन' म्हणतात त्याला, ८० पैकी कुठल्याही अक्षरावर बसतं आणि बहुतेक वेळा शेवटचा स्वर घशात अडवतं. दुसरं आहे 'तुक्वेन्तिस', ते फक्त १३ अक्षरांवर आढळलंय, सिलॅबल कापून शेवटचं व्यंजन तेवढं ठेवायला. फॉन्ट चांगला की वाईट हे या दोन चिन्हांवर बघायचं, अक्षराच्या बरोबर डोक्यावर बसली पाहिजेत. साध्या पर्यायी फॉन्टमध्ये ती बाजूला सरकतात आणि शेजारच्याच्या अंगावर पडतात, आमच्याकडे निम्मे बग असलेच.

संपादक
वाचतोय सगळं. डेटाबेसवाला, टेबलं यूटीएफ८एमबी४ ला नेली की पुरे का?

डेटाबेसवाला
नाही, तिथेच सगळे फसतात. टेबल, प्रत्येक कॉलम आणि कनेक्शनचं सेटिंग, तिन्ही बदलायचं. कनेक्शन राहिलं तर टेबल नवं असूनही प्रश्नचिन्हं सेव्ह होतील. आणि आपलं सर्व्हर जुनं असेल तर इंडेक्सची (शोध जलद व्हायला ठेवलेली सूची) मर्यादा ७६७ बाइट आहे, २५५ अक्षरांचा कॉलम चार बाइटने १०२० होतो, मग एरर मारतो. त्या कॉलमचा इंडेक्स १९१ अक्षरांवर आणा. सदस्यनाम आणि धाग्याचं शीर्षक, हे दोन आधी तपासा. पूर्ण बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका.

संपादक
ठीक, बॅकअप घेऊन आधी टेस्ट सर्व्हरवर करून बघतो. कापले गेलेले जुने प्रतिसाद परत येतील का?

डेटाबेसवाला
नाही. ते सेव्हच झालेले नाहीत.

मोडीप्रेमी
म्हणजे मला परत टाइप करायचंय. ठीक. तोवर फोटो टाकतो.